जिभेची दुसरी हालचाल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर भाषा शिकवत राहिले. म्हणून आजचा विषय भाषेचाच, आणि तोही तिच्या अगदी मुळाशी असलेला, म्हणजे तोंडातला, घेतला आहे. विषय थोडा शास्त्रीय आहे. पण त्याचं सगळं साहित्य तुमच्या-माझ्या तोंडात हजर असल्यामुळे अडचण येऊ नये.

आधी एक प्रयोग करू. 'की' म्हणायची तयारी करा, पण म्हणू नका. 'क' सुटायच्या आधी थांबा आणि ओठांकडे लक्ष द्या. ते ताणलेले आहेत. आता तसंच 'कू' म्हणायची तयारी करून थांबा. ओठ गोल झाले ना? अजून आवाज फुटलेला नाही, स्वर तर पुढेच आहे. 'क' हे काम जिभेच्या मागच्या भागाचं, ओठांचा त्यात काही संबंध नाही. तरी ओठ आपल्या कामाला लागलेले आहेत. व्यंजन एका ठिकाणी घडत असताना त्याच वेळी तोंडात दुसरीकडे जी हलकी हालचाल चाललेली असते, तिला ध्वनिशास्त्रात दुय्यम उच्चारण म्हणतात. मुख्य हालचाल हवेची वाट अडवते किंवा अरुंद करते. दुसरी हालचाल तेवढी जोरकस नसते, ती फक्त रंग देते. मैफलीत गायकामागे तंबोरा असतो तशी ही साथ असते; लक्ष गायकाकडे जातं, पण तंबोरा बदलला की गाणंही बदलतं.

या साथीचे चार मुख्य प्रकार मानतात. ओठ गोल झाले तर ओष्ठ्यीकरण. जिभेचा पुढचा भाग ताळूकडे उचलला गेला तर तालव्यीकरण. जिभेची पाठ मागे मृदू ताळूकडे उचलली गेली तर कंठ्यीकरण. इंग्रज माणूस 'मिल्क' किंवा 'बॉल' म्हणताना जो जाड 'ल' काढतो तो हाच. आपला 'ल' सगळीकडे स्वच्छ आणि पातळ असतो, म्हणून मराठी माणसाचं 'बॉल' इंग्रजाला लगेच ओळखू येतं. चौथा प्रकार घशाचा: जिभेचं मूळ मागे खेचलं जाऊन घसा आवळला जातो. त्याला ग्रसनीकरण म्हणतात.

बहुतेक भाषांत ही साथ शेजारच्या स्वरामुळे येते आणि जाते, अर्थ बदलत नाही. काही भाषांत मात्र ती पक्की होऊन बसते. रशियनमध्ये 'ब्रात' म्हणजे भाऊ, आणि शेवटच्या 'त'ला ताळूचा रंग दिला की तो शब्द 'घेणे' या अर्थाचा होतो. अरबीत 'सैफ' म्हणजे तलवार, आणि घसा आवळून काढलेल्या 'स'ने सुरू होणारा 'सैफ' म्हणजे उन्हाळा. साध्या 'त'चा 'तीन' म्हणजे अंजीर, जड 'त'चा 'तीन' म्हणजे चिखल. अरबी व्याकरणकार सीबवैह याने आठव्या शतकातच या जड व्यंजनांचं वर्णन करून ठेवलं आहे. तो सांगतो की जीभ ताळूवर झाकली गेली नाही, तर जड 'स'चा साधा 'स' होईल. बाराशे वर्षांपूर्वी कोणतंही यंत्र नसताना केलेलं हे निरीक्षण आहे.

आपल्याकडची परंपरा त्याहूनही जुनी. वेदोच्चाराचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्यांनी स्थान आणि करण वेगळे केले: ध्वनी कुठे होतो आणि कशाने होतो. व्यंजनांना साधारणपणे एकेक स्थान मिळालं, पण 'व'ला दात आणि ओठ अशी दोन द्यावी लागली. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या 'य' आणि 'व' यांचा उच्चार अधिक हलक्या प्रयत्नाने होतो, असं व्याकरणकार शाकटायनाचं मत पाणिनीने नोंदवलं आहे. पूर्ण व्यंजनही नाही आणि अगदी काहीच नाही असंही नाही, असा ध्वनी असू शकतो हे त्यांनी ऐकलं होतं. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताच्या व्याकरणात तीच गोष्ट पुन्हा सांगितली: दोन स्वरांमधलं व्यंजन गळून गेल्यावर तिथे हलका 'य' ऐकू येतो. महाराष्ट्री प्राकृत तर अशा गळलेल्या व्यंजनांनी भरलेली. गाथासप्तशती ज्याच्या नावावर आहे तो हाल सातवाहन आपल्या पैठणचा. म्हणजे हा हलका ध्वनी आपल्याला परदेशी पाठ्यपुस्तकातून शिकायची गरज नाही. तो याच गोदाकाठचा आहे.

आता मराठीकडे येतो. माझं खरं सांगणं इथून सुरू होतं.

'चार गुरं चार' असं लिहिलं तर दोन्ही 'चार' सारखे दिसतात. म्हणून पाहा. पहिल्या 'चार'मध्ये जिभेचं पातं ताळूला चिकटतं. दुसऱ्यात, गुरं चारण्याच्या 'चार'मध्ये, ते वरच्या दातांच्या मागे टेकतं. चाक, चूल, चोर, चमचा, चांदोबा यांतला 'च' दातांकडचा. चंद्र, चहा, चिंच, चेंडू यांतला ताळूचा, फक्त चिंचेतला दुसरा 'च' पुन्हा दातांकडचा. 'ज'चंही तसंच. जाणं, जुना, जोर, जनावर दातांकडचे. जीव, जेवण, जन्म ताळूचे. आपल्याकडे एक कटू वचन सांगतात की जी जात नाही ती जात. लिहिलेलं वाचताना त्यात श्लेष वाटतो. कानाला तो श्लेष नाही. 'जात नाही'मधला 'ज' दातांकडचा आहे आणि जातीचा 'ज' ताळूचा. ही जातीची गोष्ट मी मराठवाड्यात उभा राहून मुद्दाम सांगतो आहे: बोलणाऱ्याला दोन वेगळे शब्द ऐकू येतात आणि लिपीने ते एका वेशात उभे केले आहेत.

याचा नियम साधारण असा. अस्सल मराठी, म्हणजे प्राकृतातून घरंगळत आलेल्या शब्दांत 'च' आणि 'ज' दातांकडे सरकले. पण पुढे 'इ', 'ए' किंवा 'य' आला की ताळूचेच राहिले. संस्कृतातून पुन्हा उचलून आणलेल्या शब्दांनी आपला ताळू सोडला नाही. म्हणून 'चंद्र' एका बाजूला आणि 'चांदणं' दुसऱ्या. 'माझा'चं 'माझी' झालं की 'झ' ताळूला जातो. 'त्याचा' आणि 'त्याची' म्हणा, जिभेचा प्रवास कळेल. हे कोणत्याही मुलाला शिकवावं लागत नाही. शाळेत जाण्याआधीच त्याची जीभ हे अचूक करत असते.

मग 'चार'ला काय झालं? पुढे 'आ' आहे, शब्द प्राकृतातूनच आला आहे, तरी 'च' ताळूचा. जुन्या मोडी कागदांत 'च्यार' असं लिहिलेलं सापडतं. तो 'य' पुढे लिहिण्यातून गेला, पण जाताना 'च'वर आपला रंग ठेवून गेला. 'चार'चं भावंड 'चाळीस'ही तसंच ताळूचं राहिलं आहे.

कारण नाहीसं व्हावं आणि परिणाम मागे उरावा, ही गोष्ट मराठीत वारंवार घडली आहे. 'घसा'चं सामान्यरूप 'घशा' का होतं? मूळ 'घसा' आणि 'या' जोडले गेले. 'य'ने 'स'ला ताळूकडे ओढलं. मग 'य' स्वतः विरून गेला. आरसा-आरशात, पैसा-पैशाचा, ससा-सशाला, दिवस-दिवशी, म्हैस-म्हशी, वीस-विशी. रशियनमध्येही हेच झालं. शब्दाच्या शेवटचा 'इ' कालांतराने लोपला आणि 'त'चा ताळूरंग तेवढा मागे राहिला. मॉस्कोतल्या 'घेणे'ची आणि आपल्या 'घशा'ची गोष्ट मुळात एकच आहे. मात्र 'मासे', 'पैसे', 'ससे' यांत 'ए' असूनही 'स' हलत नाही. तिथला 'ए' वेगळ्या वाटेने आलेला आहे. भाषेचे नियम वाढत्या वयाच्या झाडासारखे वर्षा-वर्षांचे थर राखून असतात, असं म्हणण्यापेक्षा साधं म्हणू की प्रत्येक नियमाचा आपला एक काळ असतो.

'स'चा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यात आवडणारं उदाहरण सांगतो. संस्कृत मत्स्य, प्राकृतात मच्छ, मराठीत मासा. संस्कृत मक्षिका, प्राकृतात मच्छिआ, मराठीत माशी. प्राकृतात दोन्हीकडे तोच 'च्छ'. मराठीत एकाचा 'स' झाला आणि दुसऱ्याचा 'श', कारण माशीत पुढे 'इ' होती. क्षुरिका, छुरिआ, सुरी. क्षेत्र, छेत्त, शेत. पुढे 'उ' असताना 'स', 'ए' असताना 'श'. 'च'ने पाळला तोच कायदा 'छ'ने पाळला, फक्त त्याची वाट 'स-श'ला जाऊन मिळाली. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या जडणघडणीवरच्या ग्रंथात ही घराणी लावून दाखवली. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो ग्रंथ मराठीत आणला. ब्लॉक यांच्या परंपरेत पॅरिसला शिकलेले ना. गो. कालेलकर यांनी १९५५ मध्ये 'ध्वनिविचार' लिहून हे शास्त्र मराठी वाचकाच्या हाती दिलं. शेतात उभा राहून अंगावरची माशी हाकणाऱ्या माणसाच्या एका वाक्यात दीड-दोन हजार वर्षांचा हिशेब असतो, हे या लोकांनी कागदावर सिद्ध केलं.

इथे एखादा काटेकोर ध्वनिशास्त्रज्ञ मला थांबवेल. तो म्हणेल, 'चाक' आणि 'चार' यांत तर मुख्य स्थानच बदललं, मग हे दुय्यम उच्चारण कसं? आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर शरीररचनेत आहे. 'प' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि जीभ मोकळी असते, म्हणून 'प्याला' म्हणताना ओठ एक काम आणि जीभ दुसरं काम एकाच वेळी करू शकते. 'च' मात्र जिभेच्या पुढच्या भागानेच होतो आणि ताळूकडे उठायचं असतं तेही त्याच भागाला. एकाच अवयवाला दोन ठिकाणी जाता येत नाही. मग दोन्ही हालचाली एकमेकींत मिसळतात आणि स्पर्शाची जागाच सरकते. म्हणजे साथ करणाऱ्याने मुख्य गाणाऱ्याला आपल्या सुरात ओढलं. जगातल्या असंख्य भाषांत तालव्यीकरणाचा शेवट असाच झाला आहे. 'ज्ञ'मध्ये तर ही मोडतोड उलट दिशेनेही पाहता येते. 'ज' आणि 'ञ' हे दोन्ही ताळूचे ध्वनी; मराठीने ते दातांकडे नेले आणि सुटलेला ताळूरंग शेवटी 'य' म्हणून वेगळा काढून ठेवला: द्-न्-य. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांचं नाव उत्तरेत 'ग्यानेश्वर' होतं. तिकडेही दुसरं सगळं बदललं, पण तो 'य' टिकला.

दातांकडचा 'च-ज' ही मराठीची एकटीची मिळकत नाही. कोकणीत तो आहे, आणि तेलुगूतही जवळजवळ याच नियमाने आहे: पुढे 'इ-ए' असेल तर ताळूचा, एरवी दातांकडचा. तेलुगू लिपीत तर त्यासाठी वर खूण केलेली स्वतंत्र अक्षरंही आहेत. हे शहर, आजचं छत्रपती संभाजीनगर, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच कचेरीच्या ओसरीवर बसत. पण मराठी-तेलुगूचा हा सारखेपणा संस्थानाहून फार जुना आहे. राजवटी येण्याच्या कितीतरी आधी दख्खनच्या पठारावर शेजारी शेजारी राहणाऱ्या माणसांच्या जिभांनी तो घडवला.

उर्दूचं नाव आलं. या शहरात उभं राहून अरबी-फारसी शब्दांबद्दल न बोलता पुढे जाणं शक्यच नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेल्या, १६५३ पासून औरंगाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असलेल्या या गावात वली आणि सिराज यांनी दख्खनी-उर्दू कविता रचली. याच गावात आजही सकाळी मुलं कुराणपठण शिकतात. पठणाचे उस्ताद मुलांना काही अक्षरं 'पुर' म्हणायला सांगतात आणि बाकीची 'बारीक'. 'पुर' म्हणजे भरीव. अशी सात अक्षरं ठरलेली आहेत आणि त्यांत स्वाद, ज़्वाद, तोय, ज़ोय ही चार येतात. तीच मघाशी सांगितलेली घसा आवळून काढायची व्यंजनं. हा ध्वनिशास्त्राचा वर्गच आहे, आणि तो शहागंजच्या गल्ल्यांत शतकानुशतकं भरतो आहे. तोच मुलगा दुपारी गुलमंडीवर उभा राहून बोलतो तेव्हा मात्र उर्दूतल्या 'ज़'च्या चारही अक्षरांचा एकच 'ज़' होतो. एक जीभ दिवसातून दोनदा दोन वेगळ्या व्यवस्था पाळते. मला या क्षमतेचं फार कौतुक वाटतं.

यांतल्या ज़्वादची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. अरब लोक आपल्या भाषेला अभिमानाने 'ज़्वादची भाषा' म्हणतात, कारण हा ध्वनी इतरांना जमत नाही अशी त्यांची जुनी समजूत. अरबीत तो घशाच्या साथीने होणारा जड 'द' आहे. इराणात आल्यावर त्याची साथ सुटली आणि तो साधा 'ज़' झाला. तिथून तो मराठीत आला. किती आला ते पाहायचं तर कोणत्याही तहसील कचेरीत जा. अर्ज, कर्ज, कब्जा, हजर, हजेरी, राजी, नाराज, राजीनामा, मर्जी, जिल्हा, काजी, जिद्द. या प्रत्येक शब्दात मुळात ज़्वाद आहे. शेतकरी कर्जासाठी अर्ज घेऊन जिल्ह्याच्या गावी हजर होतो, त्या एका वाक्यात अरबांचा तो अवघड ध्वनी चार वेळा येऊन जातो.

आणि मराठीने त्याचं काय केलं? आपला कायदा लावला. 'हजर'मधला 'ज' दातांकडचा, 'हजेरी'तला ताळूचा. 'नाराज' दातांकडचा, 'नाराजी' ताळूचा. 'अर्ज' आणि 'कर्ज' दातांकडचे, 'मर्जी', 'जिद्द', 'जिल्हा' ताळूचे. अरबीत या भेदाला काही आधार नाही, फारसीत नाही, उर्दूतही नाही. तो इथेच जन्मला, आणि तो घालून देणारा कोणी पंडित नव्हता. पाटील-कुळकर्ण्यांपासून रयतेपर्यंत सगळ्यांच्या तोंडात तो आपोआप लागू झाला. घशाची साथ वाटेतच सुटलेल्या एका परक्या ध्वनीला मराठीने आपली ताळूची साथ दिली. शब्द आपलासा करणं म्हणजे नेमकं काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

'जिल्हा'त आणखी एक नवल आहे. त्याच्या शेवटी अरबीत 'ऐन' होतं, घशातून येणारा ध्वनी. मराठीत तिथे 'ल्ह' ऐकू येतो: 'ल' चालू असताना सोबतीने श्वास सुटतो. 'तऱ्हा' या शब्दातही मूळ अरबी घशातला 'ह' आता 'र'ला बिलगला आहे. म्हैस, न्हाणं, कोल्हा, कऱ्हाड या शब्दांतले म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह मराठीला हवेहवेसे वाटत असल्यामुळे परक्या शब्दांनाही तिने तो साज चढवला. 'किल्ला' मात्र तसाच राहिला. त्याच्या मुळाशीही ऐन होतं, पण त्याचा मागमूस नाही. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ही श्वासाची साथ स्वरतंतूंची आहे, जीभ-ओठांची नाही, म्हणून तिला दुय्यम उच्चारणात धरत नाहीत. पण नात्याने ती जवळचीच आहे.

आता मी ज्याच्याबद्दल मनापासून बोलायला आलो आहे त्या विषयाकडे येतो.

खेड्यातला माणूस 'येळ' म्हणतो, 'इहीर' म्हणतो, 'ईस रुपये' म्हणतो, 'येक' आणि 'वोठ' म्हणतो. त्याला हसतात. वर्गात हसतात, मुलाखतीच्या खोलीत हसतात. त्यात काय घडतं ते शास्त्राच्या नजरेने पाहू. 'व' हा ओठांचा ध्वनी, 'ए-इ' हे ताळूकडचे स्वर. 'वेळ' म्हणताना एकाच क्षणी ओठ एकीकडे आणि जीभ दुसरीकडे जाते. ताळूचा रंग बळावला की ओठांची हालचाल सुटते आणि 'येळ' होतं. पुढे 'इ' असेल तर तो 'य' स्वरातच विरघळतो आणि 'इहीर' होतं. 'ए' नुसता उच्चारायच्या आधी जीभ ताळूकडे निघते, तो 'येक'चा 'य'. 'ओ'च्या आधी ओठ गोल होऊ लागतात, तो 'वोठ'चा 'व'. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ काही वर्षं लाहोरला प्राध्यापक होते. त्यांनी १९४८ मध्ये मांडलं की असा 'य'चा किंवा 'व'चा रंग एकाच व्यंजनाच्या खात्यावर न टाकता सगळ्या अक्षरगटाचा गुण मानावा. 'येळ' आणि 'वोठ' या उच्चारांना ती मांडणी जशी लागू पडते तशी शहरी 'वेळ'ला आणि 'ओठ'ला पडत नाही. शास्त्राच्या दृष्टीने खेड्यातला उच्चार अधिक सलग आहे.

आणि परंपरेच्या दृष्टीने? पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठशुद्धीचा इतका जाणता प्रयत्न त्या काळात मराठीत दुसरा नाही. जुन्या मराठी पोथ्या उघडल्या तर त्यांत 'येक' आहे, 'वोवी' आहे, 'वोळखी' आहे. लिहिणारे विद्वान होते आणि जे ऐकू येत होतं ते लिहीत होते. पुढे छापखाने आले, शाळाखात्याची पुस्तकं आली, 'एक' आणि 'ओवी' ठरले. तसं ठरवायला हरकत नाही, लेखनाला एकसारखेपणा लागतोच. पण जो उच्चार पोथीत मानाने बसला होता तोच आता कन्नड किंवा सोयगाव तालुक्यातल्या मुलाच्या तोंडून आला की अडाणी ठरावा, हा न्याय मला मान्य नाही. त्या मुलाला प्रमाण मराठी जरूर शिकवा. त्याच वेळी हेही सांगा की त्याच्या आजीची मराठी चुकलेली नाही.

लिपीने काय दाखवलं आणि काय झाकलं, याचं एक उदाहरण नियमांतून देतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार असे मान्य झाले. त्यांत एका नियमाने 'सा'चं 'शा' होतं असं सांगितलं: पैसा-पैशाला. त्याच नियमात 'जा' मात्र 'जा'च ठेवायला सांगितलं: दरवाजा-दरवाजाला, 'दरवाज्याला' नाही. आता तोंडात काय घडतं ते बघा. 'दरवाजा'तला 'ज' दातांकडचा, आणि 'दरवाज्यात' म्हणताना तो ताळूला जातो, अगदी 'पैसा'तला 'स' जातो तसाच. दोन्हीकडे तोच विरलेला 'य', तीच हालचाल. 'स'च्या बाबतीत लिपीकडे 'श' हे अक्षर होतं म्हणून बदल लिहिता आला. 'ज'च्या बाबतीत वेगळं अक्षर नव्हतं म्हणून बदल झालाच नाही असं ठरलं. माझ्या मते 'दरवाज्यात' हे लेखन राहू द्यायला हवं होतं, कारण तेवढा एक 'य' तरी त्या हालचालीची नोंद ठेवत होता.

हे नुसतं पंडिती दुःख नाही. आज पुस्तकं वाचून दाखवणारी, सूचना देणारी यंत्रं मराठीत आली आहेत. बसस्थानकावर यंत्राने गावांची नावं म्हणायची ठरवली तर 'जालना' आणि 'पाचोड' दातांकडचे, 'अजिंठा' आणि 'चिकलठाणा' ताळूचे, हे त्याला कोण सांगणार? पुढे 'इ' असेल तिथे नियमाने काम भागेल. 'जग' आणि 'तू जग', 'जरा थांब' आणि वार्धक्याची 'जरा', 'चाट' पडणं आणि चौपाटीवरची 'चाट', इथे नियम पुरत नाही, शब्दागणिक नोंदच लागते. मराठी शिकणारी परप्रांतीय मुलं या शहरात हजारोंनी आहेत; त्यांनाही शब्दकोश उघडल्यावर हे सहसा कळत नाही. कोशात शब्दापुढे लिंग असतं, व्युत्पत्ती असते, अर्थांचे क्रमांक असतात. 'च', 'ज', 'झ' असलेल्या प्रत्येक शब्दापुढे दंत्य की तालव्य एवढी एक खूण टाकणं अवघड नाही. तेलुगूला जे जमलं ते आपल्यालाही जमेल. लेखन बदला असं मी म्हणत नाही. रोजच्या लिहिण्यात नुक्ते घालून मराठी माणसाला त्रास देण्याची गरज नाही. ज्याला घरातून मराठी मिळाली त्याला त्यांची जरूर नाही. कोशाला मात्र आहे.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठी बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं आणि गावोगावची मुद्रणं सर्वांना ऐकता येतील अशी खुली केली. फार मोलाचं काम आहे ते. पण एका सर्वेक्षणात प्रत्येक तालुक्यातून मोजकीच माणसं येतात. १९५८ साली या शहरात विद्यापीठ स्थापन झालं. आता मराठवाड्याच्या जवळपास प्रत्येक तालुक्यात महाविद्यालय आहे आणि त्यात मराठीचा विभाग आहे. दर वर्षी एका वर्गाने आपल्या गावातल्या पाच वडीलधाऱ्या माणसांचा आवाज मुद्रित केला तरी पुष्कळ साठेल. त्यांना शब्दांची यादी वाचायला देऊ नका, वाचताना माणूस शाळेतला होतो. त्यांना बोलतं करा: विहीर कशी खणली, १९७२ च्या दुष्काळात काय खाल्लं, लग्नात वऱ्हाड कसं आलं. 'येळ' आणि 'इहीर' आपोआप येतील. जुन्या शहरातल्या दख्खनी बोलणाऱ्या घरांतही जा, मराठी आणि उर्दू दोन्ही मुद्रित करा, कारण 'हजर' आणि 'हजेरी' तिथे कसे म्हणतात हे ऐकल्याशिवाय आपली नोंद पुरी होणार नाही. मुद्रणावर गावाचं नाव, बोलणाऱ्याचं वय आणि तारीख घाला. माणसाची परवानगी घ्या. आणि मूळ मुद्रण जसंच्या तसं ठेवा, त्यातला एकही उच्चार दुरुस्त करू नका.